व्याह्यांच्या बोटीचं रबर

हुमनाबादेत नळाला पाणी आलं की गल्लीत एकमेकांना हाका मारून सांगावं लागतं. अशा गावात महेशकुमार तुगाव्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटात एके दिवशी पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची, इंजिनाची बोट येऊन उभी राहिली. ती कशी आली हे विचारू नका. विचारणाऱ्यांनी त्याचं डोकं आधीच खाल्लंय. थोडक्यात एवढंच, की त्याच्या पल्लवीचे सासरे, हैदराबादचे शिवराजप्पा कोटग्याळे, यंदा रिटायर झाले. रिटायर झाल्यावर कुणाला शुगर होते, कुणी भजनाला बसतं. शिवराजप्पांना बोटीचं वेड लागलं. पुण्याकडून कुणाची तरी जुनी बोट घेतली, ट्रेलरवर चढवली आणि हायवेनं हैदराबादकडं निघाले, तर हुमनाबादच्या अलीकडं एका ढाब्यासमोर ट्रेलरचा एक्सल मोडला. हायवेवर एवढी गावं पडलीत, पण एक्सल मोडायला व्याह्यांचंच गाव सापडलं.

"ट्रेलर नीट होईस्तोवर राहू द्या तुमच्याकडं," शिवराजप्पा म्हणाले. महेशकुमार म्हणाला, "घर तुमचंच हाय." दुसरं काय म्हणणार? लग्नाला सहा महिने झालेल्या मुलीचा बाप तो. त्याला व्याह्यांनी हत्ती बांधायला आणला असता तरी तो चाऱ्याची चौकशी करायला गेला असता.

जाण्याआधी शिवराजप्पांनी बोट फिरवून दाखवली. ह्याला हात लावू नका, त्यावर ऊन येऊ देऊ नका. शेवटी मागं आले. तिथं एक चकचकीत स्टीलची शिडी होती.

"ही पोहणाऱ्यांची शिडी. पाण्यात उडी मारली, मंग वर यायचं कसं? तर हिच्यावरनं."

"तुम्ही पोहता?" महेशकुमारनं कौतुकानं विचारलं.

"न्हाई. पोहणारे येतील की." मग शिवराजप्पांनी शिडीच्या टोकांना बसवलेले दोन काळे रबरी तुकडे बोटानं दाबून दाखवले. "आणि ह्ये सगळ्यात महत्त्वाचं. शिडी हालली की बोटीच्या अंगावर आपटती. मधी रबर हाय म्हणून ठीक, न्हाईतर ओरखडा. बोटीवर ओरखडा दिसला ना तुगावेसाब, तर मला दोन दिवस घास गिळत न्हाई."

महेशकुमारनं मान डोलावली. मग गाडीत बसता बसता शिवराजप्पा हसत हसत म्हणाले, "तुमची पोरगी आमच्या घरी खुशीत हाय. माझी बोट तेवढी तुमच्या घरी खुशीत ठेवा, काय?"

महेशकुमारही हसला. गाडी वळणाआड गेल्यावर त्याचं हसू थांबलं. घरात येऊन त्यानं श्रीदेवीला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. श्रीदेवीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हंजे काय म्हणायचं हुतं त्यान्ला?"

"गंमत केली असंल."

"गंमत हाय का धमकी हाय, ते तोंड बघून कळतंय. तोंड कसं हुतं?"

"हसरं."

"मंग तर काहीच कळायला मार्ग न्हाई," श्रीदेवी म्हणाली. त्या दिवसापासून नवराबायकोला एकच घोर लागला. बोटीला जरा काही झालं, तर तिकडं पल्लवीला शब्द ऐकावा लागणार. कुणी तोंडानं बोललं नाही तरी जेवताना ताट जरा जोरात ठेवतील, आणि आपली पोरगी ते मुकाट्यानं गिळणार.

पुढच्या रविवारी महेशकुमारचे वडील, बसवंतप्पा, दुबलगुंडीहून बोट बघायला आले. म्हाताऱ्यानं बाजारात बैल पारखावा तशी बोट चारी बाजूंनी पारखली, कुल्ल्यावर थाप मारतात तशी थाप मारून बघितली आणि मागं शिडीपाशी येऊन थांबले.

"ह्ये काळं काय लावलंय?"

"रबर हाय, अप्पा. शिडीची धडक बसली तर बोटीला इजा होऊ न्हाई म्हणून."

"म्हंजे ज्याला धडक बसती, त्याला लागू न्हाई म्हणून."

"व्हय."

"अस्सं," म्हातारा म्हणाला आणि बराच वेळ ते रबर चेपत उभा राहिला. मग जेवले, झोपले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसनं गेले.

इथं एक सांगून ठेवतो. बसवंतप्पा लेकाच्या घरून कधी रिकाम्या हातानं गेले नव्हते. "शेताकडं लागतंय" म्हणायचं आणि उचलायचं. पाण्याचा पाइप गेला, सायकलची ट्यूब गेली, श्रीदेवीचा इडलीचा जुना कुकर गेला आणि कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं झाला. विचारायची पद्धत नाही. लेकाचं ते आपलंच, त्यात विचारायचं काय? पण त्या दिवशी म्हाताऱ्याची पिशवी येताना होती तशीच जाताना सपाट होती. श्रीदेवीला तर काळजीच लागली.

"मामंजी आज काहीच न्हेले न्हाईत. तब्येत बरी हाय ना त्यांची?"

दुसऱ्या दिवशी शिवराजप्पांचा व्हिडिओ कॉल आला. रोजच यायचा. "दाखवा बघू" म्हणायचे, आणि महेशकुमार फोन धरून बोटीभोवती प्रदक्षिणा घालायचा. त्या दिवशी म्हणाले, "जरा मागची शिडी दाखवा." महेशकुमार मागं गेला, फोन वर धरणार, तेवढ्यात त्यानं स्वतः बघितलं. शिडीच्या दोन्ही नळ्या बोडक्या होत्या. रबराचा पत्ता नाही.

"हॅलो? हॅलो? आवाज येईना झालाय," असं म्हणत त्यानं फोन आभाळाकडं फिरवला, थोडं आभाळ दाखवलं आणि कट केला. त्यानंतर रोजच शिडी जवळ आली की आवाज जायला लागला.

मग शोधाशोध. बोटीखाली वाकून बघितलं, नाली काठीनं ढवळली, प्लॉटातलं गवत उपटलं. ह्या गडबडीला शेजारच्या इंदिराबाई बाहेर आल्या. ह्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. पण गल्लीत कुणाला शिंक आली तरी त्या ड्युटीवर असल्यासारख्या हजर.

"काय हरपलंय, मॅनेजर?"

महेशकुमार गावातल्या एका पतसंस्थेत मॅनेजर होता आणि त्याला मॅनेजर म्हटलेलं आवडायचं. पण आता त्याला सांगायचं काय हेच कळेना. त्या वस्तूला म्हणतात काय, ते शिवराजप्पांनी सांगितलंच नव्हतं.

"ते... शिडीचं बूच."

"बूच तर बाटलीला असतंय."

"टोपी म्हणा."

"खालच्या टोकाला असतंय म्हणता ना? मंग टोपी कशी? बूट म्हणा," इंदिराबाई म्हणाल्या. एवढ्यात आणखी चारजण जमले. एक म्हणाला उंदरानं खाल्लं. दुसरा म्हणाला, उंदीर रबर खात नाही, कुत्रं खातं. तिसऱ्याला खात्री होती की भंगारवाल्यानं नेलं. चौथ्यानं विचारलं, "पण मॅनेजर, बोट घेतलाव कामून? धरणाकडं बदली झाली काय?" महेशकुमारनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

श्रीदेवी म्हणाली, "मामंजीन्ला विचारा की. काल त्येच हुते तिथं."

"येडी का काय? अप्पांना कळलं म्हंजे उद्या सकाळी दुबलगुंडीच्या कट्ट्यावर चर्चा. लेकाला व्याह्याचा माल सांभाळता आला न्हाई म्हणून. तिथनं बसनं ती चर्चा हैदराबादला जायला कितीसा वेळ? आणि त्यांनी काही न्हेलं न्हाई, हे तूच म्हणलीस."

ते खरंच होतं. विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून लवकर निघून महेशकुमार हायवेवरच्या तानाजीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. तानाजी लॉरीपासून लुनापर्यंत सगळ्याला पार्ट द्यायचा आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता.

"रबर पायजे. एका बाजूनं बंद, एका बाजूनं उघडं."

"देतो की. गाडी कुठली?"

"बोट."

तानाजीनं एकदम वर बघितलं. "मॉडेल?"

"ते कळंना. पांढरी हाय."

तानाजी हरणारा गडी नव्हता. त्यानं ट्रॅक्टरचे बुश काढले, ट्रॉलीच्या फाळक्याचे रबर काढले, मोटरसायकलच्या मुठी काढल्या. चहाला आलेले दोन लॉरी ड्रायव्हर जवळ आले. एकानं सांगितलं, टायर कापून खिळ्यानं ठोका. दुसरा म्हणाला, "शिडीच काढून टाका ना साहेब, उतरायला पाणी कुठंय?" महेशकुमारनं उगाच समजावून सांगायला सुरुवात केली, की बोट माझी नाही, व्याह्यांची आहे, व्याही पोहत नाहीत, पण पोहणारे येणार आहेत. जसजसं सांगत गेला तसतसं त्याचं त्यालाच ते पटेना. शेवटी तानाजीनं त्याच्या हातात दोन मोटरसायकलच्या मुठी ठेवल्या. घरी आणून बसवल्या तर त्या लाल निघाल्या, वर झुरमुळ्यांसकट. बोट मागून नवरदेवाच्या गाडीसारखी दिसायला लागली. काढून टाकल्या.

मग त्यानं मोबाइलवरून मागवलं. तिथं मात्र चित्र अगदी तसंच दिसलं, काळं, बंद टोकाचं. मागवलं आणि जरा जीवात जीव आला. चार दिवसांनी कुरिअरच्या ऑफिसातून फोन आला, येऊन घेऊन जा. गेला. काउंटरवरच्या माणसानं पार्सल हातात घेतलं, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि पार्सल परत मागं ठेवलं.

"बोटीचं सामान लिव्हलंय ह्यावर. बोटीचा कागद दाखवा."

"कसला कागद?"

"ते मला काय माहीत? आजवर बोटीचं सामान आलं न्हाई हितं. पण गाडीच्या सामानाला गाडीचा कागद, मंग बोटीला बोटीचा."

महेशकुमार घरी आला, बोटीशेजारी उभं राहून श्रीदेवीकडून फोटो काढून घेतला आणि परत गेला. त्या माणसानं फोटो मोठा करून बघितला.

"बोट दिसायलीय. पाणी कुठंय?"

"पाणी न्हाई."

"मंग ही बोट हाय कशावरनं?"

ह्या प्रश्नाला उत्तर काय देतात? महेशकुमार पंचवीस वर्षं पतसंस्थेत लोकांना असेच प्रश्न विचारत आला होता, पण उत्तर द्यायची पाळी पहिल्यांदाच आली. तो आवाज चढवून म्हणाला, "मी मॅनेजर हाय." माणूस म्हणाला, "माझाबी मॅनेजर हाय, बिदरला. त्यांचा शेरा आणा." महेशकुमार बिदरच्या मॅनेजरला फोन करत राहिला, फोन उचलला गेला नाही, आणि दोन दिवसांनी कळलं की पार्सल 'घेणाऱ्यानं नाकारलं' म्हणून परत हैदराबादेला गेलं. व्याह्यांच्याच गावी! महेशकुमारला वाटलं, हे पार्सल तिथं उतरून थेट शिवराजप्पांच्या घरी जाऊन चुगली करणार.

आता कारहुणवी आली होती तोंडावर. बैलांचा सण. पल्लवीची लग्नानंतरची पहिली कारहुणवी, म्हणून ती माहेरी येणार होती आणि दुबलगुंडीला अज्जाकडं जाणार होती. बैलाला पोळी स्वतःच्या हातानं चारायचा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. ट्रेलर नीट झाल्याचा निरोपही त्याच आठवड्यात आला. म्हणजे सणाच्या पुढंमागं शिवराजप्पा कधीही दारात.

तेव्हा इंदिराबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. "म्हाताऱ्यांच्या काठीला खाली रबर असतंय बघा. बिदरला, नौबादला, सर्जिकलचं दुकान हाय. तिथं मिळतंय."

आता ही गोष्ट इतकी साधी, की आधी का सुचली नाही म्हणून महेशकुमारनं कपाळावर हात मारला. रजा टाकून नौबादला गेला. दुकानात शैलश्री नावाच्या एक मॅडम होत्या, पांढरा कोट घातलेल्या.

"काठीचं रबर पायजे. दोन."

"पेशंट कोण?"

"पेशंट न्हाई. शिडीला पायजे."

"शिडीवरनं पडले का? किती दिवस झाले? एक्सरे काढलाय?"

"पडलं न्हाई कुणी."

"लपवू नका, सर. ह्या वयात शिडी चढायची कामूनच?" असं म्हणून मॅडमनी त्याला स्टुलावर बसवलं आणि गुडघा वाकवून बघितला. गुडघा कटकन वाजला. तो गेली दहा वर्षं वाजत होता, पण मॅडमचा चेहरा गंभीर झाला. नुसतं रबर आम्ही सुटं विकत नाही, म्हणाल्या, काठीबरोबर मिळतं. आणि तुमचं काठीनं भागणार नाही, वॉकर लागेल. वॉकरला चार पाय, चार रबर. महेशकुमारनं मनात हिशेब केला: दोन बसवायचे, दोन जास्तीचे हाताशी. घेतला वॉकर.

मूर्खपणाला पण एक वेळ असते. ती बसची वेळ होती. चार पायांचा चकचकीत वॉकर घेऊन मॅनेजर तुगावे बसमध्ये चढले, तेव्हा कंडक्टरनं ओरडून पुढची सीट रिकामी करवली, दोघांनी त्याला काखेत धरून बसवलं आणि तो "मला काही झालं न्हाई, काही झालं न्हाई" म्हणत राहिला. तसं तर सगळी आजारी माणसं म्हणतातच. बसमध्ये हुमनाबादची निम्मी बाजारपेठ होती.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली. मॅनेजरचा पाय गेला. कुणी म्हणालं पाय, कुणी म्हणालं एक बाजूच गेली. संध्याकाळी तानाजी शहाळी घेऊन आला. पतसंस्थेचे दोन संचालक आले आणि जाताना खुर्ची कुणाला द्यायची हे दारातच हळू आवाजात बोलले. इंदिराबाईंना खरं काय ते ठाऊक होतं, पण इतक्या लोकांसमोर त्यांना गप्प बसवेना. त्यांनी ब्लडप्रेशर तपासायला घेतलं. ते खरोखरच वाढलेलं निघालं.

"अहो, मी धडधाकट हाय!" महेशकुमार उठून उभा राहिला आणि दोन पावलं चालून दाखवलं.

"काय हिंमत हाय बघा माणसाची," तानाजी डोळे पुसत म्हणाला.

आणि मग पल्लवीचा फोन. रडायलाच लागली. "पप्पा, मला कामून सांगितलाव न्हाई?" तो तिला समजावत होता तोवर तिच्या हातून फोन शिवराजप्पांनी घेतला. "तुगावेसाब, काळजी करू नका. बसनं कशाला, सणाला सूनबाईला मी स्वतः गाडीनं घेऊन येतो. तुम्हाला बघणं पण होईल, बोट पण न्हेणं होईल."

महेशकुमारनं फोन ठेवला आणि वॉकरचा आधार घेऊन खाली बसला.

सणाच्या सकाळी तो उजाडायच्या आत वॉकरचे रबर उपसून शिडीला बसवत होता. एक बसलं. दुसरं ढिलं होतं. त्यात त्यानं फडकं कोंबलं. रंग दोन्हीचा राखाडी. काळं बूटपॉलिश आणून घासलं. लांबून, तेही डोळे बारीक करून बघितलं तर चालण्यासारखं होतं. तो हात पुसत घरात येतोय तोच दारात गाडी वाजली.

पल्लवी गाडीतून उतरली ती धावतच आली आणि त्याला दोन्ही पायांवर उभा बघून थांबली. "पप्पा, तुम्ही तर..." तिच्यामागून शिवराजप्पा आले. त्यांनी महेशकुमारचे पाय बघितले. मग कोपऱ्यातला वॉकर बघितला.

"ह्याच्या दोन पायांचे रबर कुठं गेले?"

महेशकुमार लगबगीनं वॉकरपुढं येऊन उभा राहिला. शिवराजप्पा तसेच मागं फिरून प्लॉटात गेले, सगळे त्यांच्या मागोमाग. त्यांनी शिडीला हात लावला. हात काळा झाला. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला, आणि तेवढ्यात फडक्यासकट दुसरं रबर टपकन खाली पडलं.

तिथं महेशकुमारचा बांध फुटला. रबर हरवल्यापासून नौबादपर्यंत सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं, मधेच दोनदा हात जोडले आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी हाय, शिवराजप्पा. पोरीला काही बोलू नका."

शिवराजप्पांनी रुमालानं हात पुसला. "बरं," म्हणाले. "बघू."

आता ह्या 'बघू'चा अर्थ काय लावायचा? श्रीदेवीनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं पल्लवीकडं, आणि पल्लवीनं जमिनीकडं. दुबलगुंडीला पोळ्या निवत होत्या. सगळे गाडीत बसले. वाटेत शिवराजप्पा एकच वाक्य बोलले, "रस्ता चांगलाय." त्यावर महेशकुमार घाईघाईनं म्हणाला, "तुमची कृपा."

दुबलगुंडीला अंगणात बसवंतप्पा नव्या धोतरात उभे होते. शेजारी हौश्या आणि गवश्या, दोन्ही बैल धुऊन, रंगवून, झुली घालून सजवलेले. गवश्या गरीब. हौश्या मात्र मारका. दुबलगुंडीत त्याच्या बाजूनं कुणी जात नसे. पल्लवी आठ वर्षांची असताना अशाच कारहुणवीला ह्याच्याच बापानं तिच्या दंडाला शिंग मारलं होतं. अजून वण आहे. दरवर्षी म्हातारा तिला लांबून पोळी टाक म्हणायचा, दरवर्षी ती ऐकायची नाही.

आजही तिनं चप्पल काढली, ताटातली पोळी घेतली आणि सरळ हौश्यापुढं गेली. हौश्यानं मान हलवली. महेशकुमारची नजर त्याच्या शिंगांवर गेली आणि तिथंच खिळली. गवश्याच्या शिंगांना दरवर्षीसारख्या पितळी शेंब्या होत्या, लाल गोंड्यांच्या. हौश्याच्या शिंगांच्या टोकांना होती दोन काळी, बंद टोकाची, मऊ रबरं.

"अप्पा," त्यानं शिंगांकडं बोट दाखवलं, "ह्ये... ह्ये तुम्ही..."

"चांगले बसलेत न्हाई? तेल लावून बसवलो."

"मला इचारलाव कामून न्हाई?"

बसवंतप्पांना प्रश्नच कळला नाही. "तुला काय इचारायचं? तूच सांगितलास की, ज्याला धडक बसती त्याला लागू न्हाई म्हणून असतंय ते. मंग मी म्हणलो, तुझ्या प्लॉटात बोटीला कोण धडक मारायलंय? हितं माझी पोरगी यायलीय सणाला. ऐकत तर न्हाई ती. सासरची झालीय आता, तिला काही लागलं तर तिच्या घरच्यांना मी काय तोंड दावू?"

महेशकुमार बघतच राहिला. तो पंधरा दिवस पल्लवीला शब्द लागू नये म्हणून वणवण फिरत होता, आणि म्हाताऱ्यानं पल्लवीला शिंग लागू नये म्हणून तेच रबर खिशात घालून नेलं होतं. रागवावं का पाया पडावं हेच त्याला कळेना. त्यानं व्याह्यांकडं बघितलं.

शिवराजप्पा आपलं रबर ओळखून पुढं सरकले होते. नीट बघावं म्हणून ते हौश्याच्या अगदी जवळ गेले आणि वाकले. शहरी माणूस. बैलाच्या पुढ्यात वाकू नये हे त्यांना कोण सांगणार?

हौश्यानं फार काही केलं नाही. नुसती मान एकदा खाली घेऊन वर उडवली. शिवराजप्पा हवेत उचलले गेले आणि मागच्या कडब्याच्या पेंढ्यांवर पाठीवर पडले. अंगणात एकच बोंब उठली. श्रीदेवीनं तोंडात पदर कोंबला. महेशकुमारच्या डोळ्यांपुढं सगळं आलं: दवाखाना, पंचायत, पल्लवी बॅग घेऊन दारात.

शिवराजप्पा उठून बसले. पोट चाचपलं. शर्ट वर करून बघितलं. पोटावर काही नव्हतं, शर्टावर तेवढा एक गोल काळा ठसा उमटला होता. त्यांनी त्या ठशावरून बोट फिरवलं, पल्लवीकडं बघितलं, तिच्या दंडावरच्या वणाकडं बघितलं. मग हौश्याकडं.

"तुगावेसाब," ते म्हणाले.

"जी," महेशकुमारनं हात जोडले.

"माल चांगलाय. ओरखडापण न्हाई."

आधी म्हातारा हसला. मग शिवराजप्पा स्वतः, पोट धरून. मग पल्लवी हसता हसता रडायला लागली, आणि मग कुणाला आवर राहिला नाही. रबर काढायला महेशकुमार पुढं झाला तर शिवराजप्पांनी त्याला अडवलं. "हात लावू नका. ते हितंच कामाचं हाय. सूनबाई पुढच्या वर्षी पण येणारच की."

पण व्याह्यांची शिडी बोडकी पाठवायची कशी? मुलीच्या माहेरून काही रिकामं जात नसतं. बसवंतप्पांनी हौश्याच्या काढून ठेवलेल्या पितळी शेंब्या आणल्या, चिंचेनं घासून लख्ख केल्या, आणि हुमनाबादला येऊन स्वतःच्या हातानं शिडीच्या दोन्ही टोकांना ठोकल्या, लाल गोंड्यांसकट. पितळ बोटीवर आपटलं तर रबरापेक्षा किती वाईट ओरखडे पडतील, हे महेशकुमारच्या लक्षात आलं. पण त्यानं त्या दिवशी एक शहाणपणा केला आणि तोंड उघडलं नाही. श्रीदेवीनं बोटीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आणि बोट गोंडे हलवत हायवेनं हैदराबादेला गेली. वॉकर इंदिराबाईंनी, "रिकामाच हाय तर," म्हणून नेला आणि दोन पायांनी लंगडणाऱ्या त्या वॉकरवर त्या दारातली तुळशीची कुंडी ठेवतात.

आठवड्यानं शिवराजप्पांचा फोन आला. पहिल्याच दिवशी बोटीला हा लांब ओरखडा पडला म्हणाले. महेशकुमार चटकन उठून उभा राहिला. "मंग? घास गेला न्हाई का?"

"दोन पोळ्या जास्त गेल्या. सूनबाईनं केल्या हुत्या. सगळे इचारायलेत हो, ह्या शेंब्या कुठं मिळतात म्हणून."

आणि त्याच आठवड्यात, कुणाला काही न विचारता, कुठलाही कागद न मागता, कुरिअरवाला पार्सल दारात टाकून गेला. आत दोन काळी रबरं, अगदी चित्रात होती तशी. हैदराबादेला पाठवून द्यायची म्हणून श्रीदेवीनं ती कपाटात ठेवली. रविवारी बसवंतप्पा आले, जेवले, झोपले, चहा घेतला आणि सपाट पिशवी घेऊन गेले.

"आज बी काहीच न्हेले न्हाईत," श्रीदेवी म्हणाली.

महेशकुमारनं कपाट उघडलं नाही. फोन लावला.

"अप्पा, गवश्याला बसले का?"

"बसले," म्हातारा तिकडून म्हणाला. "पण जरा ढिल्ले हायत. तुझ्याकडं फडकं असंल तर दे."